पर्यावरणाच्या तासाला कोण बसतं?

एकतीस वर्षं मी कृष्णाकाठच्या एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवलं. त्यातली पहिली सहा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासापुरत्या पैशांवर गेली. मागच्या महिन्यात या विषयातल्या प्राध्यापकीबद्दल प्रश्न मागवले होते. बरेचसे एकाच वळणाचे आले, म्हणून सहा निवडले आहेत. त्यांत येणाऱ्या नेट आणि सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, पहिली राष्ट्रीय, दुसरी राज्याची.

प्राणिशास्त्रात एमएस्सी झाले आहे, ६१ टक्के. ओढा पर्यावरणाकडे आहे. सीएसआयआरची लाइफ सायन्सेसची नेट द्यावी की यूजीसीची पर्यावरणशास्त्राची? — एक वाचक, लातूर

ओढा कुठे आहे हे जरा बाजूला ठेवा आणि जाहिराती काढून बघा. प्राणिशास्त्राची पदं जवळजवळ प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात असतात. पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग मोजक्याच ठिकाणी सापडेल. पर्यावरण हा विषय सगळीकडे सक्तीचा आहे, पण त्यासाठी वेगळं पद मंजूर असेलच असं नाही. पुष्कळ ठिकाणी भूगोलाचे किंवा वनस्पतिशास्त्राचे सर आपला वर्कलोड भरायला तो घेतात. विषय सक्तीचा आणि शिकवणारा उसना, हे या क्षेत्राचं जुनं दुखणं आहे.

म्हणून तुम्ही लाइफ सायन्सेसच द्या. त्या अभ्यासक्रमाच्या तेरा घटकांत परिसंस्थाशास्त्राचा (इकॉलॉजीचा) एक पूर्ण घटक आहे, शिवाय जैवविविधता आणि वर्तनशास्त्रही आहे. पर्यावरणशास्त्राच्या पेपरला पर्यावरणीय रसायनशास्त्र, भूविज्ञान, ऊर्जा, कायदे, घनकचरा असं सगळं येतं. प्राणिशास्त्रवाल्याला त्यातलं निम्मं तरी नव्याने शिकावं लागतं. एका उन्हाळ्यात दोन्हींची तयारी करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांचं एकही धड होत नाही.

सेटचा फॉर्म मात्र चुकवू नका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ती महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं. तिला वयाची अट नाही, उणे गुणही नाहीत. परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरतात, त्यामुळे नुसते किमान गुण मिळवून भागत नाही. नेटमधून मिळणारी जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, हवी असेल तर खुल्या गटाला तीस वर्षांची मर्यादा आहे, महिलांना पाच वर्षांची सवलत. २०२३ पासून तिचे पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. ते मिळाले तर पीएचडी करताना घरी हात पसरावा लागत नाही.

वय ३६. सेट आहे, सात वर्षं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतोय. आता पीएचडी करावी, की हे सोडून द्यावं? — एक वाचक, बीड

सर, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सहाय्यक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, आणि त्याच स्टाफरूममध्ये, त्याच फळ्यावर शिकवणाऱ्या तुम्हाला घेतलेल्या तासाचे पैसे. दिवाळीच्या सुट्टीत तेही नाहीत. यावर मी काही शहाणपण सांगू शकत नाही. नियमांतल्या दोन गोष्टी तेवढ्या सांगते.

पहिली. महाविद्यालयात सहाय्यक प्राध्यापक व्हायला पीएचडी लागतेच, हा समज काढून टाका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांनी विद्यापीठांच्या विभागांत ती २०२१ पासून सक्तीची होणार होती. ते २०२३ पर्यंत पुढे ढकललं आणि मग रद्दच केलं. आता पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट हे किमान पात्रतेला पुरतं. पीएचडी पुढे सहयोगी प्राध्यापक होताना आडवी येते.

दुसरी गोष्ट कडू आहे. आधीची तात्पुरती सेवा पुढे मोजायची तर त्या काळातलं एकूण वेतन नियमित प्राध्यापकापेक्षा कमी नसावं, अशी त्याच नियमांत अट आहे. तासिका तत्त्वावरची सेवा त्यात बसणं अवघड. म्हणजे ‘अजून दोन वर्षं काढली की अनुभव धरतील’ या आशेवर थांबण्यात अर्थ नाही. अनुभवाचं प्रमाणपत्र मात्र दर वर्षी जूनमध्येच घेऊन ठेवा. प्राचार्य बदलले की फाइल सापडत नाही. मी हे भोगलंय.

पीएचडीला एखादा प्रश्न खरोखरच छळत असेल तरच करा, आणि पैसे घेऊन शोधनिबंध छापणाऱ्यांच्या नादी लागू नका. मे २०१८ मध्ये यूजीसीने स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली, तेव्हा ‘एपीआय’साठी, म्हणजे बढतीच्या गुणांसाठी, छापलेल्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. २०२२ च्या नियमांपासून प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्तीही उरलेली नाही.

मुलगी पर्यावरणात एमएस्सी करायची म्हणते. पोट भरेल का? — एक पालक, नाशिक

प्राध्यापकीवरच नजर असेल तर सांगता येत नाही. पण २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकन करावं लागतं, ते करणाऱ्या सल्लागार कंपन्यांना माणसं लागतात. पाणी-हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळा, कारखान्यांची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं, प्रदूषण नियंत्रण मंडळ इथंही कामं निघतात. तिला जीआयएस (संगणकावरचं नकाशाशास्त्र) आणि संख्याशास्त्र पक्कं करायला सांगा. नुसत्या पदवीवर बसू नये.

माधव गाडगीळांसारखं काम करायचं आहे. त्यासाठी नेमकं काय शिकावं? — बीएस्सी द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, रत्नागिरी

पश्चिम घाट समितीच्या अहवालामुळे परिसंस्थाशास्त्रज्ञ गाडगीळ सर्वांना ठाऊक झाले, पण तो त्यांच्या कारकिर्दीचा फार पुढचा टप्पा. फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र, मुंबईत प्राणिशास्त्र, मग हार्वर्डमध्ये पीएचडी, आणि तिथं गणिती परिसंस्थाशास्त्र. म्हणजे गणित. ‘गणित नको म्हणून बायोलॉजी घेतली’ असं सांगणारे विद्यार्थी मला दर वर्षी भेटायचे. तू त्यांतला असशील तर आत्ताच दुरुस्ती कर.

१९७१ मध्ये ते परत आले. पुण्यात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांबरोबर देवराया हिंडले, १९७३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले आणि पुढे तिथंच परिसंस्थाशास्त्राचं केंद्र उभं केलं.

मी वर्गात त्यांची बांबूची गोष्ट हमखास सांगायचे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमध्ये कागद गिरण्यांना बांबू कमी पडू लागला. तोड सोपी जावी म्हणून बेटाच्या बुडाशी असलेलं काट्यांचं जाळं साफ करायची पद्धत होती. गावकरी म्हणत, काटे काढले की कोवळे कोंब जनावरं खातात. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमाप केलं आणि गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. गणित हाताशी होतं, पण प्रश्न बेटाजवळ उभ्या असलेल्या माणसाकडून मिळाला. तू कोकणात राहतोस. अशा प्रश्नांसाठी तुला बंगळूरला जायची गरज नाही. गणितासाठी कदाचित जावं लागेल.

शिक्षणाशीही त्यांचा थेट संबंध आला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी पर्यावरण शिक्षणावर नेमलेल्या गटाचे ते अध्यक्ष होते. मुलांनी आपल्या परिसराच्या खऱ्या नोंदी कराव्यात, हा त्यांचा आग्रह तिथंही होता.

जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञान शिक्षणात संशोधन करता येईल का? — एक शिक्षिका, कुडाळ

येईल. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासूनचं, टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) भाग. तिथं विज्ञान शिक्षणातच पीएचडी करता येते. पण ती पूर्णवेळ आहे, तेव्हा रजेचा प्रश्न आधी सोडवा. नोकरी सांभाळून करायची तर विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग बघा. कुठंही गेलात तरी वर्गातल्या मुलांची चुकीची उत्तरं आजपासून वहीत उतरवा. ‘झाड माती खाऊन वाढतं’ असं किती मुलं म्हणतात, हाच संशोधनाचा कच्चा माल.

नुकताच रुजू झालो. बी.कॉम.च्या १२० मुलांना सक्तीचं पर्यावरण शिकवतो. तासाला वीस येतात, प्रकल्प सगळे एकमेकांचे उतरवलेले. काय करू? — एक प्राध्यापक, डोंबिवली

हा विषय आला कसा ते आधी सांगते, कारण मुलांना ती गोष्ट आवडते. ॲडव्होकेट एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ ला सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. त्याच निकालात सिनेमागृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या दोन स्लाइड फुकट दाखवाव्यात असाही आदेश होता. पुढे यूजीसीने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला. तासिका पन्नास, त्यातल्या पाच क्षेत्रभेटीला. शंभर गुणांतले पंचवीस त्या कामाचे.

म्हणजे विषयाचा जीव त्या पाच तासिकांत होता, आणि आपण नेमक्या त्याच कागदावर उरकल्या. मीसुद्धा. पहिली काही वर्षं ‘नदी प्रदूषण’ हाच विषय सगळ्यांना दिला आणि चाळीस वह्यांत तोच परिच्छेद, त्याच चुकीसह वाचला. चूक त्यांची नव्हती. ज्याचं उत्तर पुस्तकात आहे तो प्रश्न दिला की मुलं पुस्तकातूनच उत्तर आणणार.

मग एका वर्षी सांगितलं, घरच्या रानातली मूठभर माती आणा. आमच्याकडे उसाला पाटानं पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्यात, म्हणजे त्यांत क्षार साठलेत, कुठं चोपण, म्हणजे सोडियमनं चिकट झालेल्या. वीस ग्रॅम माती, पन्नास मिली डिस्टिल्ड पाणी, अधूनमधून ढवळत अर्धा तास, मग ईसी मीटर, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं यंत्र; क्षार जास्त तर आकडा जास्त. मागच्या बाकावरचा, कधीही न बोलणारा एक मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, पुस्तकात चारच्या पुढं क्षारपड म्हटलंय. माझं दीड आलं, पण आमच्या रानात ऊस उगवत नाही.” पुस्तकातला ४ डेसिसायमन प्रति मीटरचा आकडा संपृक्त मातीच्या अर्काचा, म्हणजे माती जेमतेम चिखल होईल एवढ्याच पाण्यातला असतो. आम्ही पाणी जास्त घातलं होतं, त्यामुळे क्षार विरळ होऊन आकडा खाली आला. हे समजावण्यात दोन तास गेले आणि दोन्ही तासांना वर्ग भरलेला होता.

तुमच्या मुलांकडे रान नाही, पण सोसायटी आहे. प्रत्येकानं आपल्या घरचा ओला आणि सुका कचरा आठवडाभर काट्यावर तोलावा आणि तारखेनुसार आकडे आणावेत. १२० घरांचे आकडे एका तक्त्यात भरा. ही कॉमर्सची मुलं आहेत, सरासरी आणि खर्च ती तुमच्यापेक्षा भराभर काढतील. ओला कचरा सोसायटीतच जिरवला तर खत किती होईल, माळ्याचा पगार किती, महापालिकेची किती खेप वाचेल, हे त्यांना ताळेबंदासारखं मांडू द्या. नळाला येणारं उल्हास नदीचं पाणी पुढच्या सत्रात घ्या, एकदम सगळं नको.

उतरवलेले आकडे लगेच ओळखू येतात. खऱ्या घरात रविवारी कचरा वाढतो. सातही दिवस पाचशे ग्रॅम लिहून आणणाऱ्याला गुण कापू नका, काटा देऊन पुन्हा घरी पाठवा.