काळ्या जमिनीतल्या गुलाबाची पानं पिवळी पडतात, फांदी वरून वाळत येते, कळ्या उमलत नाहीत. काय फवारावं?

तुम्ही लिहिलंय की सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, सहा कलमी गुलाब आहेत, जमीन भारी काळी, पाणी बोअरचं. कृषी केंद्रातून आणलेली दोन औषधं मारून झाली, तरी पानं पिवळीच. शिवाय जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय.

फवारा काही दिवस राहू द्या. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत गुलाबाचं बहुतेक दुखणं मुळाशी सुरू होतं आणि पानावर नुसतं दिसतं. पिवळेपणाला एक औषध नसतं, कारण पिवळेपणा चार-पाच तऱ्हेचा असतो. आधी कोणतं पान पिवळं होतंय ते बघा.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार असतील, तर ती लोहाची कमतरता. बोअरच्या पाण्यावर आणि चुनखडीच्या जमिनीत हीच सगळ्यात जास्त दिसते. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. मूठभर कोरड्या मातीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले की चुना भरपूर आहे असं धरा. कुंडीच्या काठावर पांढरा थर चढत असेल तर पाणीही जड आहे.

उलट खालची जुनी पानं अख्खी पिवळी पडून गळत असतील, तर मुळाशी पाणी साचलंय किंवा नत्र कमी पडलंय. बुडाजवळ चार बोटं उकरून बघा. माती चिकट लागली आणि कुबट वास आला, तर मुळं सडताहेत. अशा झाडाला खत देऊ नका, त्याने ते लवकर जाईल. पिवळ्या पानावर कडा फाटल्यासारखे काळे गोल डाग असतील तर तो काळा ठिपका, बुरशीचा रोग. आणि उन्हाळ्यात पान धुरकट होऊन त्यावर सुईच्या टोकाएवढे फिके ठिपके आले, खाली बारीक जाळं दिसलं, तर लाल कोळी. फांदी पांढऱ्या कागदावर झटका, लाल ठिपके चालू लागतील.

लोहासाठी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस, गाळून, संध्याकाळी पानांवर फवारा. दर दहा दिवसांनी, तीन वेळा. द्रावण तेव्हाच करून तेव्हाच संपवायचं; ठेवलं की तांबूस गाळ बसतो आणि उपयोग जातो. हिराकस बुडाशी टाकून फायदा नाही, चुनखडीत ते गंजासारखं बांधलं जातं. जमिनीतूनच द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत लवकर बांधलं न जाणारं लोह, मागा. ईडीटीएचं स्वस्त मिळतं, पण चुनखडीच्या जमिनीत ते टिकत नाही. आधीच पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. फरक नव्या फुटीवर बघायचा.

इथे एक सांगतोच. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून लोक गुलाबाला अंड्याची टरफलं, चुन्याची निवळी, चुलीतली राख घालतात. कोकणातल्या आम्ल लाल मातीत चुना कामाचा असेल. आपली जमीन आधीच चुन्याने भरलेली आहे, तिला आणखी चुना म्हणजे दुखण्याला खतपाणी. वावरातून उरलेलं डीएपी, म्हणजे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खतही, मुठीने टाकू नका. स्फुरद जास्त झालं की लोह आणखी अडतं. चहापत्ती चालेल, पण साखर धुऊन. नाहीतर मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या की मावा आणि पिठ्या ढेकूण हे रस शोषणारे किडे सुखाने नांदतात.

आता पाण्याचं. काळ्या जमिनीत दोन फुटांचा खड्डा करून त्यात भुसभुशीत माती-खत भरलं, की पावसाळ्यात तो खड्डा विहिरीसारखा भरतो, कारण आजूबाजूची चिकण माती पाणी सोडत नाही. शिवाय नर्सरीचं कलम बहुतेक लाल मातीच्या घट्ट गोळ्यात येतं. तो गोळा तसाच काळ्या मातीत पुरला, की बाहेर चिखल आणि आत कोरडा ठणठणीत असं होतं. नवीन लावताना गोळा अर्धा तास बादलीत भिजवा, बाहेरची बोटभर माती हलक्या हाताने सोडवा आणि जमिनीपेक्षा फूटभर उंच वाफ्यावर लावा. वाफ्यासाठी काळी माती, नाल्याची चाळलेली रेती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत सारख्या मापाने घ्या. रेतीऐवजी पांढुरका मुरूम घालू नका, त्यातही चुनाच असतो. डोळा भरलेली गाठ, म्हणजे कलम जोडलेली जागा, मातीच्या वर राहिली पाहिजे. तुमची लागलेली झाडं आत्ता उपटायची नाहीत. पावसाळ्यात बाजूने वीतभर खोल चर काढून पाणी उताराला लावलं तरी बरंच काम होईल.

फांदी वरून काळी पडत खाली उतरते तो मर रोग. फूल तोडताना लांब खुंट ठेवला, की तो वाळतो आणि तिथून बुरशी आत शिरते. काळ्या भागाच्या खाली दोन इंच, आतला गाभा पांढरा-हिरवट दिसेपर्यंत कापा. गाभ्यात तपकिरी ठिपका दिसला तर आणखी खाली जा. काप तिरका, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर. कात्रीचं पातं प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसा. कापावर बोर्डो मलम लावा: १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० मिली पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५० मिलीत विरवून, मग दोन्ही एकत्र. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडी नको. मलम त्याच दिवशी वापरायचं. एवढा खटाटोप नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक पाण्यात दाटसर कालवून लावा. कापलेले तुकडे उकिरड्यावर न टाकता जाळा.

काळ्या ठिपक्यासाठी गळलेली पानं रोज उचला, पाणी सकाळी आणि फक्त बुडाशी द्या. पान रात्रभर ओलं राहिलं की बुरशीला तेवढंच हवं असतं. जुलै ते सप्टेंबर उघडीप बघून मॅन्कोझेब २.५ ग्रॅम एका लिटरला, आणि दहा-बारा दिवसांनी कॉपर ऑक्सिक्लोराईड २.५ ग्रॅम, असं आलटून पालटून मारा. लाल कोळ्याला आधी पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, तीन दिवस लागोपाठ. थंडीत भुरी, म्हणजे पानावर पांढरी पूड धरणारी बुरशी, आली तर पाण्यात विरघळणारं गंधक २ ग्रॅम एका लिटरला. पण हेच गंधक मार्चनंतरच्या उन्हात मारलं तर पानं भाजतात.

कळ्या उमलत नाहीत, पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात, ते फुलकिडे. कळी पांढऱ्या कागदावर झटका, बारीक लांबट किडे पळताना दिसतील. अशा कळ्या तोडून पुरा आणि ५ टक्के निंबोळी अर्क मारा: अर्धा किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी कपड्यातून गाळून एकूण दहा लिटर करायची. एप्रिल-मेच्या कळ्या मात्र मोठ्या होण्याची वाटच बघू नका. पारा ४५ च्या घरात असताना फूल लहान आणि फिकं येतं, झाड उगाच दमतं. त्या दिवसांत कळ्या खुडा, वर हिरवी नेट किंवा पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) मांडव करा, बुडाशी सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) तीन इंच पसरा. जमिनीला भेगा पडल्या की मुळं तुटतात. कुटार ते थांबवतं. खोडापासून मात्र चार बोटं लांब ठेवा, नाहीतर वाळवी चढते.

झाड जोमाने वाढतंय पण फूल नाही, असं असेल तर ती फूट गाठीच्या खालून आलीय का बघा. ती कलम ज्यावर बांधलंय त्या रानटी खुंटाची फूट. कापली तर पुन्हा येते, म्हणून माती उकरून मुळापासून ओढून काढायची. सात पानांची फांदी म्हणजे रानटीच, असं सरसकट धरू नका. काही चांगल्या जातींनाही सात पानं असतात.

आणखी एक, गावात हमखास घडणारं. नवी पानं दोऱ्यासारखी अरुंद आणि पिळवटलेली येत असतील, तर वावरात २,४-डी मारलेलाच पंप गुलाबाला वापरलाय का ते आठवा. पंप विसळला तरी नळीत उरलेलं थोडं तणनाशक पुरतं. यावर औषध नाही. पिळलेले शेंडे कापा, पाणी द्या, नवी फूट सरळ येईपर्यंत थांबा. घरच्या झाडांसाठी एक लिटरचा वेगळा हातपंप ठेवा. कपाशीचं उरलेलं कीटकनाशक तर अंगणात आणूच नका. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. अंगणात लेकरं खेळतात, तुळशीची पानं आपण तोंडात टाकतो.

जास्वंदीवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. जास्त भरलेले शेंडे कापून जाळा, बाकी पाण्याच्या धारेने धुवा. मग कडुनिंबाचं तेल ५ मिली आणि भांडी घासायचं द्रव साबण १ मिली एका लिटरमध्ये ढवळून संध्याकाळी मारा. सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. पहिल्या फवाऱ्यात अंडी वाचतात. खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर आधी ती तोडा.

छाटणी पावसाळ्यात करू नका. दसऱ्याच्या सुमारास, ऑक्टोबरच्या मध्याला, चार-पाच जोमदार फांद्या ठेवून दीड फुटावर कापा. डोळे फुगले की झाडाला दोन किलो शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड द्या. साधारण सहा-सात आठवड्यांत फुलं येतात.

हिराकसाचे तिन्ही फवारे देऊनही नवी फूट पिवळीच आली, तर वीतभर खोलीवरची अर्धा किलो माती सावलीत वाळवून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. सामू (पीएच), क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे मागा आणि इथे टाका. त्यावरून जमीन सुधारायची की सहाही झाडं कुंडीत न्यायची ते ठरवता येईल.