एमआरआय नॉर्मल, भास बंद, तरी मुलगा 'हळू' का?

ताई, तुमच्या मुलाचे भास थांबून वर्ष झालं, एमआरआय नॉर्मल आला, तरी दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या की तो एकच घेऊन येतो. घरचे त्याला आळशी म्हणतात. आता डीटीआय (मेंदूतल्या तंतूंची घडण तपासणारा खास प्रकारचा एमआरआय) करून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया होऊन अठरा वर्षं झाली आणि या प्रश्नाने मलाही खूप छळलं आहे.

आधी 'आळशी' हा शब्द घरातून हद्दपार करा. भावाची चाचणी झाली तेव्हा मी शेजारी बसले होते. कागदावर वरच्या बाजूला एक ते नऊ आकडे, प्रत्येकाची एक खूण. खाली नुसत्या आकड्यांच्या ओळी, आणि घड्याळ लावून त्यांच्याखाली खुणा भरायच्या. हा प्रत्येक आकड्याला वर बघायचा, खाली यायचा, लिहायच्या आधी खात्री करायला परत वर जायचा. वेळ संपली तेव्हा तिसरी ओळ जेमतेम सुरू झाली होती. एकही खूण चुकली नव्हती! समज जागेवर होती, वेग गेला होता. या आजारात विचारांच्या ज्या क्षमता घटतात, त्यांत हा वेग फार ठळकपणे घटतो. स्मरणशक्ती आणि एकाग्रताही सोबत मार खातात.

याचा संबंध मेंदूतल्या श्वेतद्रव्याशी लावला जातो. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवणारे लांब तंतू म्हणजे हे श्वेतद्रव्य. तंतूंभोवती मायलिनचं स्निग्ध वेष्टन असतं, त्यामुळे निरोप झपाट्याने जातो. साध्या एमआरआयमध्ये गाठ किंवा रक्तस्राव दिसतो, तंतूंची बारीक घडण दिसत नाही. डीटीआयमध्ये पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने कितपत सरकतात ते मोजतात. घडण सैल असेल तर पाणी आडवंतिडवंही पसरतं. २०१८ साली एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने १,९६३ रुग्ण आणि २,३५९ निरोगी माणसांचे असे स्कॅन एकत्र तपासले. मोजलेल्या २५ पैकी २० भागांत रुग्णांमध्ये पाणी तंतूंच्या दिशेने सरकण्याचं हे प्रमाण सरासरीने कमी निघालं. मेंदूचे डावे-उजवे अर्धे जोडणारा कॉर्पस कॅलोसम हा जाड पट्टाही त्यांत होता. औषधाच्या डोसशी मात्र या घटीचा संबंध सापडला नाही. हे वाचून मी रडले होते, कारण मीच आग्रहाने गोळ्या देऊन त्याचं डोकं मंद केलं असं मला वर्षानुवर्षं वाटत होतं.

तरीही डीटीआयवर पैसे घालवू नका. हा फरक गटांच्या सरासरीत दिसतो. एकेकट्या माणसाचे आकडे बघितले तर रुग्ण आणि निरोगी एकमेकांत इतके मिसळलेले असतात की तुमच्या मुलाच्या स्कॅनवरून त्याच्याबद्दल काहीच ठरवता येणार नाही, उपचारही बदलणार नाहीत. त्यापेक्षा त्याच्या क्षमतांची चाचणी करून घ्या. कुठे अडतंय ते तिथे कळतं. 'कॉग्निटिव्ह रेमेडिएशन' म्हणजे या क्षमतांचा सराव करून घेणारे कोणी जवळपास आहेत का, हेही विचारा. रोजच्या कामाशी जोडलेला असेल तर या सरावाचा जास्त उपयोग होतो.

आणखी एक. हात थरथरतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल (आपल्याकडे पॅसिटेन म्हणतात ती) चालू असेल, तर ती अजून लागते का हे डॉक्टरांना नक्की विचारा. त्या गोळीने विसरभोळेपणा वाढू शकतो. पण मनाने बंद करू नका, हे हात जोडून सांगते.

घरात आम्ही एवढंच बदललं: एका वेळी एक काम, तेही लिहून, आणि उत्तर द्यायला त्याला वेळ. 'चहा पिणार?' विचारलं की मी मनात दहापर्यंत मोजते. पूर्वी तिसऱ्या सेकंदाला मीच 'नको ना?' म्हणून मोकळी व्हायचे. आता बहुतेकदा सात-आठपर्यंत त्याचं उत्तर येतं, आणि कधीकधी तो म्हणतो, 'थांब, मीच ठेवतो.'