बायकोला गोळ्यांचा त्रास होतो. पुरुषांसाठी कंडोमशिवाय काय उपाय आहे? नसबंदीने कमजोरी येते का?

कमजोरी हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. आमच्या घरात तो 2017 पासून ऐकतोय.

दुसऱ्या मुलीच्या वेळी बायकोचं सिझर ठरलं होतं. तिला आत न्यायच्या आधी नर्सने कागद पुढे केला, "पोट उघडणारच आहोत, कुटुंबनियोजनाचं पण उरकून घेऊ. सही करा." मी म्हटलं, तिचं नको, नंतर माझं करू. बाकावर बसलेला दादा तिथेच भडकला. "तुझ्या वहिनीनं केलंच ना? बाईचं काम बाईनं करावं. उद्या पोतं उचलायला कोण येणार?"

आईची भीती वेगळी होती. 1976 साली गावात जीपचा आवाज आला की आमचे वडील उसात जाऊन बसायचे. आणीबाणीत माणसं धरून नेऊन ऑपरेशनं केली, हे खरं आहे आणि वाईट आहे. पण तेव्हाची ती जबरदस्ती कुठे आणि मी आपणहून केलेली सही कुठे!

तीन महिन्यांनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. भुलेची सुई टोचली ती झोंबली. नंतर आत कुणीतरी दोरी ओढावी तसं ओटीपोटापर्यंत जाणवलं. टाका नाही, टोकदार चिमट्याने अंडकोषाच्या पिशवीला बारीक भोक पाडतात, त्यातून शुक्राणूंच्या दोन्ही नळ्या ओढून कापून बांधतात. वीसेक मिनिटं. दोन दिवस पडून राहिलो, आठवडाभर घट्ट चड्डी घातली, जड काही उचललं नाही. त्याच हंगामात पन्नास किलोची खताची पोती मीच ट्रॉलीतून उतरवली. दादा बांधावर उभा होता, बघत होता.

कमजोरी येईल कशाने? त्या नळीतून फक्त शुक्राणू जातात. पुरुषी हार्मोन थेट रक्तात मिसळतं. वीर्य पूर्वीसारखंच पडतं, कारण त्यात शुक्राणूंचा वाटा मुळातच जरासा असतो.

पुरुषांसाठी गोळी बाजारात नाही. आयआयटी खरगपूरच्या सुजॉय गुहांनी शोधलेल्या रिसग नावाच्या पुरुषांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्या झाल्या, पण ते दवाखान्यात मिळत नाही. ऐनवेळी बाहेर काढणं याला मी उपाय म्हणत नाही. म्हणजे उरलं कंडोम आणि नसबंदी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांमध्ये बाईची नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुषाची 0.3 टक्के. र. धों. कर्व्यांनी मुंबईत 1921 साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याला शंभर वर्षं उलटली. पुरुष म्हणून मला या आकड्याची लाज वाटते.

हो, एक राहिलं. ऑपरेशन झालं म्हणजे त्याच दिवसापासून सुटलो असं नाही. तीन महिने कंडोम वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं, शुक्राणू नाहीत असा रिपोर्ट हातात आल्यावरच थांबायचं. नळी परत जोडता येते, पण मूल होईलच याची खात्री नाही. आणखी मूल हवंसं वाटण्याची थोडीही शक्यता असेल तर करू नका. काही जणांना दुखणं बराच काळ राहतं, तेही डॉक्टरांना विचारून घ्या. गुप्तरोगापासून नसबंदी वाचवत नाही.

वहिनीचं ऑपरेशन कॅम्पात झालं होतं. तिला हवंय का, हे दादाने तेव्हा विचारलंच नव्हतं. तिनेच आमच्या हिला सांगितलं. तुमचा थोरला भाऊ असेल तर त्याला सगळं झाल्यावर सांगा. मी आधी सांगितलं, तिथे चुकलो.