इल्मिन्स्कीचं नाव घ्यावं की टाळावं?

प्रश्न : मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी आहे. झारच्या रशियात निकोलाय इल्मिन्स्की या मिशनरी भाषापंडिताने व्होल्गा खोऱ्यातल्या तातार, चुवाश समाजांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवण्याची पद्धत रुजवली, असं वाचनात आलं. पण हेतू तर धर्मप्रसाराचा! मग मातृभाषेतल्या शिक्षणाचा पुरस्कर्ता म्हणून त्याचं नाव घ्यावं का? आणि त्यातलं आज काय उरलंय?

उत्तर : नाव खुशाल घ्या, फक्त हेतूसकट घ्या. त्याने स्वतः तो कधी लपवला नाही.

व्होल्गाकाठच्या कझान भागातले बहुतेक तातार मुस्लीम, पण काही बाप्तिस्मा झालेलेही होते, ते क्र्याशेन. त्यातले बरेच नावापुरतेच ख्रिस्ती. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले लोक गावागावांतून इस्लामकडे परतू लागले, तसं चर्च धास्तावलं. इल्मिन्स्की (१८२२–१८९१) अरबी-तातारीचा जाणकार, कैरोत राहून आलेला. पाद्री मात्र नव्हता. आधीची धार्मिक भाषांतरं पुस्तकी तातारीत, अरबी लिपीत होती. ती क्र्याशेन शेतकऱ्याच्या डोक्यावरून जात. शिवाय ज्यांच्याशी चर्चची स्पर्धा, त्या मदरशांचीच ती भाषा. मग त्याने घरात बोलतात ती तातारी घेतली आणि लिपी रशियन. १८६२ मध्ये मुळाक्षरांचं पुस्तक निघालं.

या कथेत मला जास्त रस आहे तो वासिली तिमोफेयेवमध्ये. हा साधा क्र्याशेन शेतकरी. पंडिताने केलेला मजकूर याच्यापुढे यायचा आणि हा दुरुस्त करायचा. यानेच कझानमध्ये मोजकी मुलं गोळा करून शिकवायला घेतलं आणि १८६४ मध्ये त्या वर्गाची रीतसर शाळा झाली. तिथली मुलं गावी जाऊन तातारीत प्रार्थना गायची, आणि आजवर चर्चमध्ये न कळणारी भाषा ऐकत आलेल्या आयाबापांना ती समजायची. पुढे तिमोफेयेव पाद्रीही झाला. इल्मिन्स्कीच्या पद्धतीचं निम्मं श्रेय त्याला द्यायला हवं. देतं कोण?

१८७० मध्ये सरकारी नियमच आले : सुरुवातीचं शिक्षण मुलाच्या भाषेत, मग हळूहळू रशियन, आणि शिक्षक शक्यतो त्याच समाजातला. टीका दोन्ही बाजूंनी झाली. कट्टर रशियन म्हणत, अशाने हे लोक रशियन व्हायचे कधी? मुस्लीम सुधारकांना उलटी भीती. क्रीमियातून १८८३ पासून ‘तर्जुमान’ हे वृत्तपत्र काढणाऱ्या इस्माईल गास्प्रिन्स्कीला तुर्की भाषाकुळातल्या सगळ्या समाजांची मिळून एक लेखनभाषा हवी होती; इल्मिन्स्की प्रत्येकाला वेगळी देत होता. मला विचाराल तर मुस्लिमांची शंका बिनबुडाची नव्हती. प्रत्येक बोलीला स्वतःची पुस्तकं मिळाली की शेजारच्या समाजांवरचा तातारांचा प्रभाव घटतो, हे इल्मिन्स्की पुरतं ओळखून होता. ते त्याला हवंच होतं.

पण शिष्य-मित्र काही त्याच्या मुठीत राहिले नाहीत. कझाक शिक्षक इब्राय अल्तिन्सारिनने १८७९ मध्ये रशियन लिपीत कझाक वाचनमाला काढली आणि १८८४ मध्ये त्याच मुलांसाठी इस्लामच्या शिकवणुकीचं पुस्तकही काढलं, तेही अरबी लिपीत!

उरलं काय, तर सगळ्यात ठळक चुवाश. इव्हान याकोव्हलेवने १८६८ मध्ये सिंबिर्स्कला चुवाश मुलांची शाळा सुरू केली. पुढे कझानला शिकताना तो इल्मिन्स्कीच्या संपर्कात आला आणि १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला चुवाशची वर्णमाला बसवली. शाळेला हात दिला तिथले शाळा निरीक्षक इल्या उल्यानोव्ह यांनी, म्हणजे लेनिनच्या वडिलांनी. आजची चुवाश लिपी त्याच वर्णमालेतून पुढे आली आणि २५ एप्रिल, याकोव्हलेवचा जन्मदिवस, चुवाश भाषा दिन म्हणून साजरा होतो. कझानच्या तातारांची आजची रशियन वळणाची लिपी मात्र इल्मिन्स्कीच्या खात्यावर टाकू नका. ती १९३९ मध्ये सोव्हिएत सरकारने आणली, मध्ये लॅटिनचा एक फेरा होऊन.

निबंध लिहिणार असाल तर याकोव्हलेवपासून मागे जा. इल्मिन्स्कीपासून सुरुवात केली की बाकीचे सगळे त्याच्या सावलीत जातात.