माळावर झाडे लावावीत का?

प्रश्न : आमच्या गावाला सुमारे ४० एकरांचे गायरान आहे. तिथे गवताखेरीज काही नाही. पक्ष्यांना आसरा मिळावा म्हणून यंदा पावसाळ्यात तेथे ५०० रोपे लावण्याचे आमच्या मंडळाने ठरवले आहे. परंतु गावातील एका निवृत्त गुरुजींचा त्याला विरोध आहे. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? – एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपला हेतू चांगला आहे, तरीही या प्रश्नात मी गुरुजींच्या बाजूने आहे. सरकारी दप्तरात अशा जमिनीची नोंद ‘पडीक’ म्हणून होत आल्यामुळे माळ म्हणजे झाडांअभावी उजाड झालेली जागा, असा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. वास्तविक कमी पावसाच्या प्रदेशातील माळरान ही स्वतंत्र, पूर्ण वाढलेली परिसंस्था आहे आणि तेथील पक्ष्यांना मोकळी जमीनच हवी असते.

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लवकर गायरानावर सावकाश फेरी मारून पाहा. एखादी माळटिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर तेथेच थांबावे, कारण तिची अंडी बहुधा पावलांजवळच असतात. खडीत केलेल्या उथळ खळग्यात मातकट, काळसर ठिपक्यांची चार अंडी निमुळती टोके आत करून मांडलेली असतात आणि ती दाखवली तरी पटकन नजरेस पडत नाहीत. धाविक, पखुर्डी आणि चंडोल हेही जमिनीवरच अंडी घालतात, तर हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी रात्री गवतातच उतरतात. अशा जागी जेसीबीने खड्डे घेतले, तर घरटी त्याच दिवशी जातात. पुढे रोपे वाढली की कावळ्यांना टेहळणीसाठी उंच जागा मिळते आणि सावलीखालचे कुसळी, पवन्या, मारवेल हे गवत विरळ होते. गिरिपुष्पासारखे परदेशी झाड तर माळावर मुळीच लावू नये.

आपल्याच जिल्ह्यातील नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठी घोषित झाले. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरणारा हा पक्षी एका विणीत सहसा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर, घालतो. आज तेथे त्याचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे. शिकार, विजेच्या तारा, बदललेली शेती अशी त्याची कारणे अनेक असली, तरी गवताळ जमीन तुटत जाणे हे त्यांतील मोठे कारण आहे, आणि हे लिहिताना मला फार वाईट वाटते.

रोपे वाया घालवण्याची मात्र गरज नाही. ओढ्याकाठी, शाळेभोवती आणि शेताच्या बांधावर उंबर, पांगारा, बोर, बाभूळ लावावेत. माळावर आधीपासून असलेली तुरळक हिवराची झाडे तशीच राहू द्यावीत. धनगरांची मेंढरे माळावर येणे बंद करू नये, कारण मध्यम चराईने गवत आखूड राहते आणि धाविकासारख्या पक्ष्यांना तेच मानवते. फक्त विणीच्या काळात एखादा भाग आळीपाळीने राखावा. उन्हाळ्यात गवत पेटवणे व मोकाट कुत्र्यांचा वावर या दोन गोष्टी रोखण्यासाठी मंडळाची ताकद खर्ची पडली, तर त्याचा उपयोग ५०० रोपांहून अधिक होईल. शिवाय जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या लोकनोंदवहीत या गायरानावरचे पक्षी आणि गवते गुरुजींच्या मदतीने लिहून घ्यावीत, आणि खड्ड्यांचे काम तूर्त थांबवावे.