जुना राउटर ब्रिज म्हणून वापरताना

डेस्कटॉप आणि प्रिंटरला फक्त लॅन (नेटवर्क केबलचा) पोर्ट, राउटर दुसऱ्या खोलीत, केबल ओढता येत नाही आणि एक जुना राउटर पडून आहे, असं तुमचं म्हणणं. मग नवीन काही घ्यायच्या आधी त्या जुन्या राउटरच्या मेनूत 'क्लायंट' किंवा 'वायरलेस ब्रिज' मोड आहे का ते बघा. 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोड इथे उपयोगाचा नाही. त्यात इंटरनेट केबलने आत येतं आणि वायफायने बाहेर जातं. तुम्हाला नेमकं उलटं हवंय: वायफायने आत, केबलने बाहेर.

राउटर रीसेट करा आणि संगणक केबलने त्याच्या लॅन पोर्टला जोडा. वॅन (इंटरनेट केबलचा) पोर्ट रिकामाच ठेवा. मुख्य राउटरचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, मात्र तो पत्ता मुख्य राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी वाटणारी सोय) रेंजबाहेरचा हवा. आता ब्रिज मोड निवडून घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड भरा. या राउटरचं डीएचसीपी सगळ्यात शेवटी बंद करा. आधीच केलंत तर सेटिंगच्या पानावर परत जाण्यासाठी संगणकाला हाताने आयपी द्यावा लागेल.

जोडणीच होत नसेल तर मुख्य राउटर फक्त डब्ल्यूपीए३ (वायफाय सुरक्षेची नवी पद्धत) वर आहे का ते तपासा. जुन्या राउटरला ते कळत नाही, तेव्हा डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा.

नेट चालतं पण मोबाइलला प्रिंटर दिसत नाही, ही तक्रार नेहमीची. प्रिंटरचा आयपी १९२.१६८.२ ने सुरू होत असेल तर ब्रिजऐवजी नॅट (मागच्या उपकरणांचं वेगळं नेटवर्क करणारी सोय) चालू आहे आणि प्रिंटर वेगळ्या नेटवर्कात अडकलाय. आयपी बरोबर असेल तर ब्रिज गेस्ट (पाहुण्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या) वायफायला जोडला नाहीये ना, ते बघा.

आणखी एक गंमत: मुख्य राउटरच्या यादीत दोन्ही उपकरणं एकाच मॅक पत्त्याने (उपकरणाच्या हार्डवेअर ओळख क्रमांकाने) दिसू शकतात. वायफायच्या साध्या फ्रेममध्ये (माहितीच्या पाकिटात) तीनच पत्ते मावतात, म्हणून ब्रिज मागच्या उपकरणांच्या जागी स्वतःचा मॅक लावतो. त्यामुळे मॅकवरून आयपी राखून ठेवण्याचा भरवसा नाही. प्रिंटरला त्याच्याच मेनूतून स्थिर आयपी द्या. डब्ल्यूडीएसमध्ये (राउटर एकमेकांना वायफायने जोडायची एक पद्धत) चौथा पत्ता असतो, पण ते दोन्ही राउटरना जमायला हवं, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे असले की बहुधा जमत नाही.

वेग ९५ एमबीपीएसच्या आसपास अडला तर वायफायला दोष देऊ नका, जुन्या राउटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असतील.