रोझरीला बसलेली मुलगी फोन काढते, काय करू?

प्रश्न: ताई, आम्ही मालाडच्या गावठाणातले ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. सासूबाई ८३ वर्षांच्या, रोज संध्याकाळी आमच्या बोलीत रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात. मुलगी १२ची, इंग्लिश मीडियमला, बसते पण अर्धं कळत नाही, मग फोन काढते की सासूबाई गप्प होतात. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायला बसवलं तर "माझं काय सांगायचं" म्हणून पाच मिनिटांत उठल्या. त्यांच्याजवळचं सगळं त्यांच्याबरोबरच जाईल अशी भीती वाटते.

उत्तर: अगं, तुझी भीती खरी आहे. पण त्यांना समोर बसवून फोन पुढे धरलास ना, तिथेच गडबड झाली, आपल्या बायका अशा बोलतच नाहीत, हात कामात असला की बोलतात. एप्रिल-मेमध्ये बॉटल मसाल्याच्या मिरच्या उन्हात पडतील तेव्हा मुलीला त्यांच्याशेजारी देठं काढायला बसव. वीसच्या वर जिन्नस असतात त्यात, एकेक भाजताना कोण कुटायला यायचं, कुठली गाणी म्हणायच्या, हे आपोआप निघतं. फोन बाजूच्या फळीवर चालू राहू दे, फक्त आधी त्यांना सांगून ठेव.

रोझरीचं म्हणशील तर सगळी एकदम लादू नकोस गं. एकच दशक, म्हणजे माळेतल्या दहा मण्यांची प्रार्थना, आजीच्या बोलीत, बाकी मुलीला येतं त्या भाषेत, आणि ते एक दशक मुलीने आजीकडून ऐकून देवनागरीत स्वतःच्या वहीत लिहायचं. चुकलं तर आजी सुधारेल, तेवढ्यासाठी तरी दोघी जवळ बसतील.

आणि श्रद्धेचं फक्त गोड गोड सांगा असा आग्रह नको. लक्ष्मीबाई टिळकांचंच बघ, नवऱ्याने १८९५ला इथे मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांचा स्वतःचा झाला १९००मध्ये, मधल्या वर्षांतला राग, रडणं त्यांनी काही लपवलं नाही, म्हणून तर आजही त्यांचं लिहिलेलं खरं वाटतं. सासूबाईही देवावर कधी रुसल्या असतील, मुलीला ते ऐकू दे.

माझी आजी दर सप्टेंबरात बांद्र्याच्या मोत माउलीला, म्हणजे माउंट मेरीला, मेणाचा पाय वाहायची, माझ्या आईच्या पायासाठी. घरातून निघताना रुमालात गुंडाळून घ्यायची, उन्हात वितळू नये म्हणून पदराखाली धरायची. पाय काही बरा झाला नाही. मी आठवीत होते, चिडून विचारलं की मग दरवर्षी कशाला जातेस, तर म्हणाली, "मी काय सौदा करायला जाते?" एवढंच, आणि चालायला लागली. शाळेतल्या कॅटेकिझमचं, म्हणजे धर्मशिक्षणाचं, मला फारसं आठवत नाही, पण तो रुमाल आठवतो.

मे महिना लांब असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, आपला सुगीचा सण, आहेच. गावठाणाची शेतं गेली, टॉवर आले, तरी भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला आणतातच. त्या दिवशी एक लोंबी सासूबाईंच्या हातात दे आणि मुलीला विचारू दे, आजी, आपलं शेत नेमकं कुठे होतं, चल दाखव. मग दोघींना जाऊ दे चालत, तू घरी थांब.